दात, कपबशी आणि गोलातल्या तीन रेघा

रुद्राणीला घरात सगळे वचकून असत. तिच्या रागाला नव्हे, तिच्या शिस्तीला. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली पोर. घरातली कुठलीही वस्तू कुठे का ठेवली आहे याला कारण हवं, आणि ते कारण दुसऱ्याला सांगता यायला हवं, असा तिचा हट्ट. एका रविवारी तिने आईचे मसाल्याचे डबे काढले, घासले, पुसले आणि वर्णमालेप्रमाणे फळीवर मांडून टाकले. जिरे, तिखट, धने, मीठ, मोहरी, साखर, हळद. डब्यावर नाव लिहायची गरजच नाही म्हणाली. ज्याला क, ख, ग येतं त्याला डबा सापडलाच पाहिजे.

आता तिची आई, शिवम्मा, चौथीपर्यंत शिकलेली. क, ख, ग तिला येत होतंच की. पण लग्न झाल्यापासून तिचा हात साखरेसाठी मधल्या डब्याकडे जात होता, आणि हाताला कुठली आली वर्णमाला? तो गेला मधल्या डब्याकडे. त्याच दिवशी रुद्राणीला बघायला विजापूरकडचे पाहुणे आलेले. मुलाच्या मामांनी शिऱ्याचा पहिला घास तोंडात घातला आणि तसेच बसून राहिले. गिळवेना, टाकवेना. ते स्थळ अर्थातच गेलं.

तिचे वडील महादेवप्पा नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात गुमास्ता होते. माणूस अबोल. रोज पहाटे अंघोळ करून लिंगपूजा करायची, कपाळावर भस्माच्या तीन रेघा ओढायच्या आणि दुकानात जायचं, एवढं त्यांचं जगणं. त्या दिवशी मात्र ते बोलले. "तुझं डोकं एवढं चालतंय ना, तर मामाच्या गोदामात जाऊन चालव. दिवाळीपर्यंत बघ. तिथंही असाच मिठाचा शिरा केलास तर गुपचूप घरी बसायचं आणि पुढचं स्थळ येईल त्याला हो म्हणायचं." रुद्राणीने लगेच हो म्हटलं. नोकरी करायची हे तिच्या मनात कधीचंच होतं. फक्त ती अशी बोलणी खाऊन मिळेल असं वाटलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. बाजार पुन्हा उभा राहत होता. तिचे मामा, चनबसप्पा, यांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम पुणे नाक्याच्या अलीकडे होतं. सोलापुरातून चादरी, टॉवेल, लुगडी, किराणा, भांडी आसपासच्या गावांना जायची आणि दिवाळीच्या तोंडावर तर गोदामात पाय ठेवायला जागा नसायची. हमाल मोप, पण वाचता येणारा एकही नाही. कुणी घरी कानडी बोलणारा, कुणी तेलुगू, कुणी दखनी. मग कुठला गठ्ठा कुठल्या गावाचा हे कळायचं कसं? चित्रावरून. गोदामात राजाबाई म्हणून एक बाई होती, सांगोल्याकडची धनगरीण, तोंडाने भारी फटकळ. ती दाभणाने गठ्ठ्यांचं बारदान शिवायची आणि शिवून झालं की काळ्या रंगाने त्यावर त्या गावाची खूण काढायची.

पहिल्याच दिवशी रुद्राणीने त्या खुणा विचारून घेतल्या आणि तिच्या अंगावर काटाच आला. अक्कलकोट म्हणजे वडाचं पान. बरं. मंगळवेढा म्हणजे जोंधळ्याचं कणीस. तेही बरं. पण टेंभुर्णी म्हणजे कपबशी, का? तर तिथे लॉरी चहाला थांबते. मोहोळ म्हणजे चष्मा, कारण तिथला दुकानदार चष्मा लावतो. आणि वैराग म्हणजे दात!

"दात कशासाठी?" रुद्राणीने विचारलं.

"धुळ्याचा दात तितंच पडला की!" राजाबाई म्हणाली. धुळा म्हणजे हमालांचा मुकादम. त्याने लगेच हसून वरच्या ओळीतलं भगदाड दाखवलं. उतरवताना पितळेच्या हंड्यांचं पोतं तोंडावर आलं होतं म्हणे. त्याला त्या दाताचा कोण अभिमान!

"अहो, एक गाव पिकावरून, एक झाडावरून, एक चहावरून आणि एक तुमच्या दातावरून? याला काही धरबंध?"

"धरबंध कशाला हवा? आमी चुकतो व्हय?" राजाबाईने दाभणात सुतळी ओवता ओवता विचारलं.

चुकत नव्हते, हे खरं. पण त्याच आठवड्यात गुंडा नावाचा नवा हमाल लागला. तोवर त्याने भाजीबाजारात पोती वाहिलेली. गोदाम बघितलेलं नाही. शहरातल्या शहरात पोचवायचे काही गठ्ठे हातगाडीवर घालून त्याला नवी पेठेत पाठवलं. त्यात वैरागचा एक गठ्ठा चुकून गेला. गुंड्याने तो उलटापालटा करून बघितला. दात! समोर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना, पाटीवर हा मोठा दात रंगवलेला. गुंड्याने गठ्ठा नेऊन थेट डॉक्टरांच्या बाकड्यावर टाकला. आत वैरागच्या एका लग्नाची लुगडी. डॉक्टरांच्या बायकोने दारातच गठ्ठा सोडून लुगडी बघायला घेतली, आणि हे सगळं महादेवप्पांच्या दुकानाच्या अगदी समोर! ते रस्ता ओलांडून गेले, हात जोडून लुगडी परत मागून आणली आणि संध्याकाळी घरी आल्यावर रुद्राणीकडे नुसतं बघितलं. ती चूक रुद्राणीची नव्हती, पण तेही ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

रुद्राणीला मात्र जोरच चढला. तिने मामाला सांगितलं, "या खुणा म्हणजे यांच्या आपसातल्या गप्पा आहेत. नव्या माणसाने काय करायचं? मी पद्धत बसवून देते." चनबसप्पा भला माणूस, शिवाय दाताच्या डॉक्टरांनी त्याला फोनवर बरंच सुनावलं होतं. तो म्हणाला, बसव.

आणि तिची पद्धत होती मोठी देखणी, हे कबूल केलं पाहिजे. प्रत्येक रस्त्याला एक आकार. पुणे रस्ता गोल, बार्शी रस्ता त्रिकोण, मंगळवेढा रस्ता चौकोन, अक्कलकोट रस्ता शंकरपाळीसारखा. आणि त्या रस्त्यावर गाव कितवं, तेवढ्या आत रेघा. मोहोळ म्हणजे गोलात एक रेघ, मोडनिंब म्हणजे दोन, टेंभुर्णी म्हणजे तीन. रेघा उभ्या काढल्या तर गठ्ठ्याच्या शिवणीत मिसळतात, म्हणून आडव्या. दोन गोष्टी शिकल्या की सगळी गावं आली. उद्या नवं गाव वाढलं तरी नवं चित्र शोधायला नको. रुद्राणीने गोदामाच्या भिंतीवर खडूने सगळं काढून दाखवलं आणि स्वतःवरच खूश झाली.

हमालांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आकारांना नावं पाडायला सुरुवात केली. त्रिकोणात एक रेघ म्हणजे 'भज्याचा पुडा'. चौकोनात दोन रेघा म्हणजे 'खाट'. धुळा ओरडायचा, "ए, ती खाट हिकडं घे!" रुद्राणीचं डोकं फिरायचं. खाट काय, भजी काय! शेवटी तिने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "चित्र कशासारखं दिसतं ते मला कुणीही सांगायचं नाही. गोल तीन, चौकोन दोन, असंच बोलायचं. समजलं?"

"समजलं की, अक्का," धुळा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. दाताची खूण गेली याचं त्याला वाईट वाटलं होतंच.

त्याच दिवशी आणखी एक झालं. हमालांचे जेवणाचे डबे भिंतीशी ओळीने ठेवलेले असत, प्रत्येकावर राजाबाईने काढलेली काहीतरी खूण. रुद्राणीचा डबा कोरा. धुळ्याच्या पायाने तो लाथाडला गेला आणि गडगडत दारापर्यंत गेला. आतली भाकरी, भाजी, सगळं धुळीत. "खूण न्हाय, कुनाचा कळंना, मला वाटलं रिकामा हाय," धुळा कळवळून म्हणाला. राजाबाईने लगेच कुंचला उचलला. "आना हिकडं, खूण काढून देते." रुद्राणी फणकारली, "काही नको. माझ्या डब्यावर माझं नाव कोरलेलं आहे." होतंच कोरलेलं. सुबक अक्षरात. फक्त तिथे ते तिच्याखेरीज कुणाला वाचता येत नव्हतं. राजाबाईने कुंचला खाली ठेवला आणि मुकाट्याने शिवायला बसली.

मग मात्र सगळं सुरळीत चाललंय असं दिसू लागलं. विशेष म्हणजे 'गोल तीन' या खुणेला कुणीच टोपणनाव पाडलं नव्हतं. खाट होती, भजी होती, पण टेंभुर्णीचा गठ्ठा आला की हमाल एकदम गप्प होत आणि हळू आवाजात बोलत. रुद्राणीला वाटलं, ही खूण बरोबर मुरली. तिने मामालाही तसं सांगितलं. वेडी पोर!

दिवाळी आठवड्यावर आली आणि एके दिवशी सकाळी टेंभुर्णीचा कापडवाला एस.टी.ने येऊन गोदामाच्या दारात उभा राहिला. गडी संतापाने लाल. "माझा माल कुठाय? सगळ्या गावांची दुकानं भरली, माझ्या फळ्या रिकाम्या! दिवाळीला गिऱ्हाइकाला काय दाखवू, माझं तोंड?" चनबसप्पा गडबडला. माल तर केव्हाच गेला असणार. रुद्राणी छाती पुढे काढून म्हणाली, "गोल तीन कधीच चुकत नाही," आणि आत गेली.

गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात टेंभुर्णीचा सगळा माल होता. एकही गठ्ठा गेला नव्हता. नीट रचून ठेवलेले, एकावर एक नाही, सगळे शेजारी शेजारी, प्रत्येकाची खूण वरच्या बाजूला. वरून कुणीतरी धुतलेलं पंचाचं कापड पसरलेलं, त्यावर बेलाची पानं, पुढे उदबत्तीची राख. रोज उदबत्तीचा वास येत होता तो तिला दिवाळीच्या तयारीचा वाटला होता.

"हे काय आहे?" तिने हमालांना विचारलं.

शेवटी गुंडाच म्हणाला, "तुमीच सांगितलंय, कशासारकं दिसतंय ते सांगायचं न्हाय."

"आता सांगा. सांगा मी म्हणते!"

"म्हादेव हाय की, अक्का," धुळा खाली बघत म्हणाला. "गोल तोंड आन् भस्माच्या तीन रेघा. त्येला वढायला हूक कसा मारायचा? त्येच्या उरावर मोहोळचं गठ्ठं कसं टाकायचं? पाय देऊन वर कसं चढायचं? टेंभुर्णी शेवटी उतरते, म्हंजी माल तळाला जायला पायजे. देवाला तळाला घालून वर आमी बसायचं? म्हनून रोज म्हनायचो, सगळ्यात शेवटी ठिवू, सगळ्यांच्या वर. पन शेवटी लॉरीत जागाच ऱ्हाइना."

"मला वाटलं, टेंभुर्णीवाल्यानं नवस बोलला असंल," राजाबाई म्हणाली. "तुमी लिंगायताची मानसं. एवढी शिकल्याली. देव काढायला लावला तर काय इचार करूनच लावला असंल. मी काढताना दर वक्ताला हात जोडत हुते."

रुद्राणीने कापड बाजूला सारून खूण बघितली. गोल तोंड आणि तीन आडव्या रेघा. कळायला लागल्यापासून रोज सकाळी तिने ते कपाळ बघितलं होतं. आजही बघितलं होतं. त्या कपाळाला वाकून नमस्कार करून ती घरून निघाली होती, आणि स्वतःच्या हाताने तेच भिंतीवर काढताना तिला त्यात फक्त पुणे रस्ता आणि तिसरं गाव दिसलं होतं. तिला रडू आलं, आणि रडता रडता बेलाची पानं बघून हसूही आलं, आणि मग पुन्हा रडू.

बाहेर चनबसप्पा कपाळाला हात लावून बसला होता. "रुद्रा, आता भावजींना काय सांगू मी?" तो म्हणाला. सांगावं लागणारच नव्हतं. टेंभुर्णीवाल्याचा नवी पेठेतल्या दुकानांत व्यवहार. दुपारपर्यंत ही गोष्ट महादेवप्पांच्या कानावर जाणार, संध्याकाळी नोकरी सुटणार आणि पुढचं स्थळ येणार, हे तिला लख्ख दिसत होतं. पण अजून दुपार व्हायची होती. तिने डोळे पुसले आणि ती हमालांकडे वळली.

"राजाबाई, या खुणा पुसा. कपबशी काढा."

"म्हादेव पुसू? माज्या हातानं? शेळ्या-मेंढ्या हायेत माज्या घरी, देव कोपला तर, बाई! मी न्हाय."

धुळाही नको म्हणाला, गुंडाही. खरं सांगायचं तर, आता कळल्यावर, पुसायला रुद्राणीचाही हात धजेना. ती थोडा वेळ नखं चावत उभी राहिली. मग म्हणाली, "पुसायचं नाही. वरून दुसरं बारदान शिवायचं. देव आत राहू दे, कपबशी बाहेर काढू."

राजाबाईने तिच्याकडे बघितलं. मग फस्सकन हसली. "आस्सं! देवाला गोधडी!" आणि दाभण घेऊन बसली. रुद्राणीही बसली. आयुष्यात तिने बारदान शिवलेलं नव्हतं. बोटं सोलली, टाके वाकडे आले, राजाबाईने दोनदा उसवायला लावले. मोहोळकडचा माल थांबवून धुळ्याने टेंभुर्णीचा माल आधी लॉरीत घातला. हूक न मारता, हाताने उचलून, कारण आत कोण आहे ते त्याला ठाऊक होतं. टेंभुर्णीवाला स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून गेला. जाताना बडबडतच होता, पण उदबत्तीची हकीकत ऐकल्यापासून त्याच्या मिशीखाली हसू दबत नव्हतं.

दुपारी जेवायच्या वेळी रुद्राणी पहिल्यांदाच हमालांच्यात जाऊन बसली. "माझं एक चुकलं," ती म्हणाली. "पण तुमचंही चुकतंय. दात दवाखान्यात जातो की नाही?"

"त्ये आपलं एकदाच," धुळा पुटपुटला.

"एकदा का होईना! आता असं करू. आकार राहू द्या, पण रेघा नकोत. बाहेरचा आकार रस्ता सांगेल, आतलं चित्र गाव सांगेल. चित्र कुठलं ते तुम्ही ठरवा. जे बघितल्याबरोबर तुमच्या तोंडात येतं तेच. नवा माणूस आला तर आकार बघून निदान माल योग्य लॉरीत तरी टाकेल. दात त्रिकोणात असला की तो बार्शी रस्त्याचा दात. तो डॉक्टरांकडे कसा जाईल?"

"म्हंजी माजा दात ऱ्हानार?" धुळ्याने घास हातात धरून विचारलं.

"राहणार."

त्यावर धुळ्याने असं तोंड भरून हसून दाखवलं की ते भगदाड पुन्हा सगळ्यांना दिसलं. मग वाद जुंपले. मोहोळचा चष्मा ठेवायचा का? तिथे आता दुसऱ्या दुकानदारालाही चष्मा लागला होता. बार्शीला काय काढायचं यावर तर एकमत होईना. तो त्रिकोण कितीतरी दिवस नुसता रिकामाच राहिला. रुद्राणीला ते रिकामेपण बोचायचं, पण ती गप्प बसली. टेंभुर्णीची कपबशी गोलात इतकी छान बसली की राजाबाई म्हणाली, हे तर आदीच सुचायला पायजे हुतं. कुणाला ते तिने सांगितलं नाही.

संध्याकाळी निघताना रुद्राणी डबा शोधू लागली. जागेवर नव्हता. राजाबाईने तो पदराखालून काढला आणि पुढे केला. त्यावर ओल्या काळ्या रंगात एक गोल होता आणि गोलात तीन आडव्या रेघा.

"राजाबाई! हे आणखी कशाला?"

"धुळ्याचा दात पडला तवा त्यो वैरागची खूण झाला. तुजा दात आज हितं पडला," राजाबाई म्हणाली. 'तुमी' केव्हा गेलं आणि 'तुजा' केव्हा आलं ते दोघींनाही कळलं नाही. "आन् आता बघू, ह्या डब्याला कोन पाय लावतंय ते."

डबा दोन्ही हातांत धरून रुद्राणी घरी गेली. रंग ओला होता म्हणून, आणि घरी जायची भीती वाटत होती म्हणूनही. महादेवप्पा ओसरीवर बसले होते. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. शिवम्मा दाराआड उभी, पदर तोंडाला लावून.

"ये," महादेवप्पा म्हणाले. "बस. आता काय ठरलं होतं आपलं?"

रुद्राणीने डबा त्यांच्यासमोर ठेवला. महादेवप्पांची नजर त्या खुणेवर पडली आणि त्यांचा हात आपोआप पुढे आला. बोटं डब्याला लागली, तिथून दोन्ही डोळ्यांना लागली, ओठ पुटपुटले. मग ते थांबले. आपण ज्वारीच्या भाकरीच्या डब्याला नमस्कार केला हे त्यांच्या ध्यानात आलं. बोटांना लागलेला काळा रंग आता त्यांच्या पापण्यांवर होता.

"असंच झालं, अप्पा," रुद्राणी म्हणाली. "हमालांचंही अगदी असंच झालं. मला दिसलं नाही, त्यांना दिसलं. मी आज ते नीट केलं. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन, पण मी नीट केलं."

शिवम्मा आत गेली आणि आरसा घेऊन आली. महादेवप्पांनी आरशात बघितलं. वर पांढऱ्या तीन रेघा, खाली काजळ घातल्यासारखे काळे डोळे. अबोल माणूस तो, पण त्यांच्या पोटातून हसू असं उसळलं की त्यांना खांबाला टेकावं लागलं. शिवम्माने त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. रुद्राणीने तर नाहीच.

हसून झाल्यावर त्यांनी पंचाने डोळे पुसले, तरी काळं निघालं नाही. त्यांनी डबा उचलून तिच्या हातात दिला.

"घासून ठेव," ते म्हणाले. "खूण तेवढी घासू नकोस. उद्या डबा लागेल ना तुला?"